परांची बांधणार आहात, तेव्हाच

डोंबिवलीतल्या एका गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांचा प्रश्न थोडक्यात असा आहे : "आमच्या पाच इमारती, तळमजला अधिक तीन मजले, एकूण ८० सदनिका, १९९२ चं बांधकाम. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये इमारती दुरुस्त होण्याजोग्या निघाल्या. गच्च्या गळतात, बाहेरचं प्लास्टर सुटलंय, म्हणून मोठी दुरुस्ती काढली आहे. सभेत कुणी म्हणतं पत्र्याची शेड टाका, कुणी म्हणतं सोलर लावा, वरच्या मजल्यावरचे म्हणतात आधी उकाड्याचं बघा. ऊर्जाबचतीचं काम आमच्यासारख्या जुन्या इमारतीत खरंच होतं का? आणि सुरुवात कुठून करायची?"

होतं. आणि तुम्ही विचारलंत तेही नेमक्या वेळी. मी बावीस वर्षं जुन्या इमारतींची दुरुस्ती आणि ऊर्जा तपासणी अशी दोन्ही कामं करतोय. या काळात ज्या संस्थांनी 'ऊर्जाबचत' म्हणून वेगळं काम काढलं त्यांतली बहुतेक कामं सभेतच अडकली. ज्यांनी ते दुरुस्तीच्या कामातच बसवलं त्यांची पूर्ण झाली. कारण साधं आहे. इमारतीला पूर्ण परांची बारा-पंधरा वर्षांतून एकदा बांधली जाते. गच्चीचा कोबाही तेवढ्याच काळाने उकरला जातो. परांची, उकरणं, डबर उतरवणं, प्लास्टर या सगळ्याचे पैसे तुम्ही देणारच आहात. उष्णतेसाठी जे करायचं त्याचा त्यावरचा जादा खर्च थोडा असतो. तीच गोष्ट तीन वर्षांनी करायला गेलात तर सगळं पुन्हा उभं करावं लागेल, आणि ते कुणी करत नाही.

आधी एक हिशेब डोक्यातून काढून टाकायला हवा. युरोपात घरांच्या ऊर्जा-सुधारणेवर खूप लिहिलं जातं आणि आपल्याकडचे सल्लागार तेच समोर ठेवतात. तिथे घरातली बहुतेक ऊर्जा हिवाळ्यात घर गरम ठेवायला जाते, म्हणून भिंतींना दहा-वीस सेंटीमीटर जाडीचं आवरण घातलं की बिल खाली येतं आणि खर्च वसूल होतो. आपला प्रश्न उलटा आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये 'इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅन' काढला तेव्हा देशातल्या जेमतेम आठ टक्के घरांत एसी होता. तुमच्या वरच्या मजल्यावरच्या वीस घरांतही सगळ्यांकडे नसेल. ज्याच्याकडे एसी नाही त्याच्या बिलात बचत दिसणार कुठून? तो आज गारव्यासाठी बिल भरत नाही, उकाडा सोसतो. म्हणून "किती वर्षांत पैसे वसूल" हा एकच प्रश्न विचारलात तर सगळ्यात गरजेचं काम यादीत तळाला जाईल.

एका मे महिन्यातली रात्र मला अजून आठवते. ठाण्याजवळची अशीच चार मजली इमारत, वेळ साडेनऊची. वरच्या मजल्यावरच्या घरातल्या आजी जिन्याच्या कठड्याशी चटई टाकून बसल्या होत्या. सूनबाई म्हणाल्या, "अकरापर्यंत इथेच असतात, मग आत येतात." मी इन्फ्रारेड थर्मामीटर छताला लावला : ३९ अंश. बाहेरची हवा तोवर ३१ वर आली होती. खाली दुसऱ्या मजल्यावर जाऊन तेच केलं, तिथे छत ३२. बांधकाम तेच, खिडक्या त्याच, फरक फक्त डोक्यावरच्या उघड्या स्लॅबचा. दिवसभर प्यालेली उष्णता स्लॅब चार-सहा तास उशिरा खाली सोडतो, म्हणजे नेमका माणसं झोपायला जातात तेव्हा. पंखा लावला तर छताजवळची गरम हवाच अंगावर येते.

मे महिन्याच्या मध्याला मुंबई-पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. त्या दिवसांत भिंतींवर ऊन तिरपं पडतं, गच्चीवर मात्र सरळ. काळपट गच्चीचा पृष्ठभाग साठ अंशांच्या पुढे जातो. गळतीवर उपाय म्हणून अनेक संस्था गच्चीवर काळी डांबरी शीट चिकटवतात आणि तशीच उघडी ठेवतात. पाणी थांबतं, पण खालचं घर भट्टी होतं. तेव्हा तुमच्या वरच्या मजल्यावरचे रहिवासी बरोबर सांगताहेत. सुरुवात गच्चीपासून.

आता गच्चीचं नीट बोलू, कारण निम्मं काम तिथेच आहे.

तुमच्या इमारतींवर बहुधा ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे घालून केलेला सिमेंटचा जाड थर) असेल आणि मागच्या दुरुस्तीत त्यावर दुसरा थर टाकला असेल. कॉन्ट्रॅक्टर आता तिसरा सुचवेल. ते कधीही मान्य करू नका. कोब्याच्या चार-साडेचार इंची थराचं वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास जातं. आणि वावराच्या गच्चीवर माणसांसाठी डिझाइनमध्ये धरलेला भार असतो चौरस मीटरला दीडशे किलो. म्हणजे प्रत्येक जादा थर हा गच्चीवर कायमची उभी राहिलेली गर्दी आहे, तीही तीस वर्षं जुन्या, गंजू लागलेल्या सळ्यांवर. जुना कोबा स्लॅबपर्यंत उकरायचा, तोही ब्रेकर लावून दणादण नाही, हाताने, आणि डबर गच्चीवर एका जागी ढीग न करता रोजच्या रोज खाली उतरवायचा.

स्लॅब उघडा झाला की भेगा भरणं, ग्राउटिंग (आत सिमेंटचं पातळ मिश्रण दाबून भरणं), मग उताराचा थर, मग वॉटरप्रूफिंग. ते झालं की गच्चीवर बांध घालून किमान ४८ तास पाणी साठवायचं आणि खालच्या चारही घरांत जाऊन छत बघायचं. इथवर सगळे कॉन्ट्रॅक्टर करतात. ऊर्जेचं काम इथून पुढे सुरू होतं. वॉटरप्रूफिंगच्या वर ५० मिलिमीटर जाडीचे एक्सपीएस (उष्णता अडवणाऱ्या कडक फोमचे) बोर्ड, त्यावर जिओटेक्स्टाइलचं कापड, त्यावर जाळी घातलेला पातळ काँक्रीटचा थर आणि शेवटी पांढरा चायना मोझॅक (चिनी मातीच्या फरशांचे तुकडे). एक्सपीएस हवं, साधं थर्मोकोल चालणार नाही. थर्मोकोल पाणी पितं, आणि पाणी प्यालेलं थर्मोकोल उष्णता अडवत नाही. पन्नास मिलिमीटर एक्सपीएसचं वजन चौरस मीटरला दोन किलोसुद्धा नसतं. वरचा थर आणि मोझॅक धरूनही एकूण वजन उकरलेल्या कोब्यापेक्षा कमीच राहतं.

आकड्यात सांगायचं तर कोबा घातलेल्या साध्या स्लॅबमधून एका अंशाच्या फरकाला चौरस मीटरमागे अडीच वॉटच्या आसपास उष्णता आत येते, या रचनेत अर्ध्या वॉटच्या आसपास. नव्या निवासी इमारतींसाठी केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने (बीईई) २०१८ मध्ये 'इको निवास संहिता' ही नियमावली आणली. तिच्यात छतासाठी हीच कमाल मर्यादा १.२ वॉट आहे. जुन्या इमारतींना ती लागू नाही, पण मोजपट्टी म्हणून वापरायला उत्तम.

हा थर स्लॅबच्या वरच हवा, खाली नको. वरच्या मजल्यावरचे लोक स्वतःच्या खर्चाने पीओपीची खोटी सीलिंग करून घेतात. थोडा फरक पडतो, पण स्लॅब तापायचा तो तापतोच. आणि स्लॅब तापला की तो हलतो. वीस मीटर लांबीच्या स्लॅबचं तापमान वीस अंशांनी बदललं तर तो सुमारे चार मिलिमीटर लांबतो-आखडतो. रोज. गच्चीची गळती बहुतेक वेळा पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कडेला, स्लॅब आणि कठड्याच्या सांध्यातल्या वाट्याजवळ सुरू होते ती यामुळेच. वरून इन्सुलेशन घातलं की स्लॅबचं हे रोजचं ताणणं बरंच कमी होतं आणि खालचं वॉटरप्रूफिंगही जास्त टिकतं. तळमजल्यावरचे सभासद विचारतील, वीस घरांच्या गारव्यासाठी आम्ही पैसे का द्यायचे? त्यांना हे सांगा. गच्ची सामाईक आहे, आणि सळ्यांना गंज लागला तर तो चारही मजल्यांचा प्रश्न होतो.

सगळं उकरण्याइतके पैसे नसतील, किंवा कोबा ठणठणीत असेल आणि गळत नसेल, तर नुसतं पांढरं परावर्तक कोटिंग करा. स्वस्त आहे, लगेच फरक पडतो. अहमदाबाद महापालिकेने उष्माघात कृती आराखड्यात कूल रूफ (ऊन परतवणारं छत) घेतलं, तेलंगणाने २०२३ मध्ये त्याचं स्वतंत्र धोरणच केलं. मात्र तीन गोष्टी पाळा. कोटिंगचा परावर्तनाचा चाचणी अहवाल मागा. नुसता पांढरा रंग म्हणजे कूल रूफ असं नसतं. दर उन्हाळ्याआधी गच्ची धुवा, कारण धुळीचा थर बसला की निम्मं काम गेलं. आणि ओल असलेल्या कोब्यावर ते कधी लावू नका. ही चूक मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत केली आहे. पावसाळा संपल्यावर पंधरा दिवसांत काम उरकलं, कोब्यात पाणी मुरलेलं होतं, उन्हाने त्याची वाफ झाली आणि रंगाला फोड आले. पुढच्या पावसाळ्यात पापडासारखे पोपडे निघाले. संस्थेचे पैसे गेले आणि "असल्या रंगाने काही होत नाही" असं त्या भागात सगळ्यांचं मत झालं ते वेगळंच. तेव्हापासून मी कोब्यात दोन-चार ठिकाणी भोकं पाडून आतली ओल बघितल्याशिवाय कामाला हात लावू देत नाही.

पत्र्याच्या शेडबद्दल : तिला महापालिकेची परवानगी लागते, ती आधी काढा. चारही बाजूंनी उघडी, वारा खेळता असेल तर शेड स्लॅबला सावली देते हे खरं. पण दोन वर्षांत बाजू बंद होतात, आत अडगळ जमते आणि तापलेला पत्रा खाली आग ओततो. वादळात पत्रे उडाल्याचंही मी बघितलंय. माझं मत शेडच्या विरोधात आहे.

दुसरी जागा पश्चिमेची भिंत आणि खिडक्या. इथे परांचीचा खरा उपयोग. १९९२ च्या इमारतींना मूळचे छज्जे असतात, पण बऱ्याच जणांनी बाल्कन्या बंद करून खोलीत घेतल्या आणि काच थेट भिंतीच्या बाहेरच्या कडेला आणली. सावली संपली. वर स्लायडिंग खिडकी बसवली, जी सहसा अर्ध्याहून जास्त उघडत नाही. डोंबिवलीच्या दमट हवेत वारा अंगाला लागणं हाच मुख्य गारवा. संहितेने अशा दमट हवामानासाठी उघडणाऱ्या खिडक्यांचं क्षेत्र चटईक्षेत्राच्या सहाव्या भागाइतकं मागितलंय ते त्यासाठीच. परांची उभी असताना तुटके छज्जे दुरुस्त करून घ्या, पश्चिमेच्या उघड्या खिडक्यांवर एकाच मापाच्या हलक्या झडपा बसवा, आणि ज्यांना खिडकी बदलायची आहे त्यांना दारासारखी पूर्ण उघडणारी खिडकी घ्यायला सांगा. ऊन काचेच्या बाहेरच अडवायचं असतं. आतला जाड पडदा म्हणजे चोर घरात शिरल्यावर लावलेली कडी.

रंग निवडताना फिकट घ्या. सध्या जुन्या इमारतींना गडद राखाडी-चॉकलेटी पट्टे मारायची हौस आलीय, तीही नेमकी पश्चिमेला. आणि प्लास्टरच्या भेगा आधी बुजवा. ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त उष्णता आत आणते, बुरशी आणते ती निराळी.

भिंतींना बाहेरून फोम चिकटवण्याचा प्रस्ताव कुणी आणला तर तुमच्या इमारतींसाठी माझं उत्तर नाही असं आहे. आपल्या हवेत त्याचा फायदा गच्चीच्या मानाने थोडा, आणि जोखीम मोठी. लंडनचा ग्रेनफेल टॉवर असाच नूतनीकरणात नव्या आवरणाने मढवला होता. जून २०१७ मध्ये आग लागली, ती त्या ज्वलनशील आवरणावरून इमारतभर चढली, ७२ माणसं गेली. गच्चीवर काँक्रीटखाली दाबलेला फोम आणि भिंतीवर उभा चिकटवलेला फोम या आगीच्या दृष्टीने अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

आता विजेचं. सभेत सोलरची चर्चा तासभर चालते, पंख्यांचं नाव कुणी काढत नाही. जुना पंखा ७५ वॉट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. घरटी रोज वापरातले दोनच पंखे धरा, दिवसाला बारा तास, वर्षाचे ३०० दिवस. एका पंख्यामागे वर्षाला १६२ युनिट वाचतात, १६० पंख्यांमागे जवळपास २६,००० युनिट. एक किलोवॉट सोलर आपल्याकडे वर्षाला साधारण १,३०० ते १,४०० युनिट देतो. म्हणजे पंखे बदलणं हे १८-२० किलोवॉट सोलर लावण्याच्या बरोबरीचं. पंख्याला तीन हजार धरले तरी पाच लाखांच्या आत काम होतं, एवढ्या सोलरला त्याच्या दुपटीच्या आसपास लागतील. शिवाय बिलातली बचत सर्वांत वरच्या, महाग टप्प्यातून होते. जानेवारी २०२३ पासून पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं आहे, त्यामुळे निवड अवघड नाही. संस्थेने एकत्र दर मागवावेत. एकगठ्ठा खरेदीने काय होतं ते केंद्राच्या एलईडी बल्बांच्या उजाला योजनेत दिसलं. २०१४ मध्ये तीनशे रुपयांच्या वर असलेला एलईडी बल्बचा खरेदी दर दोन-तीन वर्षांत चाळीसच्या खाली आला.

सामाईक मीटरवर जिन्याचे दिवे आणि पंप एवढंच तुमच्याकडे आहे. दिवे एलईडी करा हे सांगायला नको. पंपाचं मात्र बघा : टाकी भरायला पूर्वी चाळीस मिनिटं लागायची आणि आता सव्वा तास लागत असेल तर चार वेळा रिवाइंड केलेली ती मोटर तुमचं बिल खातेय.

सोलर लावाच, पण गच्ची पूर्ण झाल्यावर. पॅनेल बसवल्यावर गळती निघाली तर सगळं सोडवून पुन्हा बसवावं लागतं, आणि स्ट्रक्चरचे बोल्ट वॉटरप्रूफिंगमध्ये कुणी ठोकले यावर दोन कॉन्ट्रॅक्टर भांडत बसतात. म्हणून पॅनेलचे पाये गच्चीच्या कामातच ओतून घ्या. पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. क्षमता तुमच्या सामाईक बिलावरून ठरवा, गच्चीच्या आकारावरून नको.

तुमचं एकट्याचं काम यातून होईल. पण माझी कळकळ आणखी एका गोष्टीची आहे. तुमच्यासारख्या इमारती एकट्या-दुकट्या नाहीत. सिडकोने नवी मुंबई, नाशिक, छत्रपती संभाजीनगरला आणि म्हाडाने राज्यभर एकाच नकाशाच्या वसाहतीच्या वसाहती बांधल्या. आजार एकच, तर औषधही एकदाच ठरवता येईल. नेदरलँड्समध्ये 'एनर्जीस्प्राँग' या उपक्रमाने हेच केलं. एकसारख्या चाळवजा घरांची मापं घेतली, कारखान्यात तयार भिंती आणि छपरं बनवली, आठ-दहा दिवसांत घर बदललं, आणि ठेकेदाराकडून कामगिरीची दीर्घ मुदतीची हमी घेतली. २०१३ मध्ये त्यांनी १ लाख ११ हजार घरांचा करार केला. पुढच्या काही वर्षांत प्रत्यक्ष काम काही हजार घरांपर्यंतच गेलं, कारण किंमत अपेक्षेइतकी उतरली नाही. तरीही हमीची कल्पना घेण्यासारखी आहे. इटलीने दुसरं टोक गाठलं. २०२० मध्ये खर्चाच्या ११० टक्के करसवलत जाहीर केली. स्वतःच्या खिशातून काहीच जात नाही म्हटल्यावर घरमालकांनी घासाघीस सोडली, दर भडकले, आणि सरकारवरचा बोजा शंभर अब्ज युरोंच्या बराच पुढे गेला. सभासदाचा थोडा तरी पैसा लागलेला असावा, म्हणजे तो परांचीखाली उभा राहून काम बघतो. शेजारच्या दोन-तीन संस्था तुमच्याच वयाच्या असतील तर एकच कामाची यादी करून एकत्र निविदा काढा. एक्सपीएस आणि पंख्यांच्या दरात फरक पडेल, आणि चांगला साइट इंजिनिअर ठेवणं परवडेल. एकट्या संस्थेला ते सहसा जमत नाही.

पैशांसाठी सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठीची गंगाजळी) आणि दुरुस्ती निधी आहेत. उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चावर वर्षाला अनुक्रमे किमान पाव आणि पाऊण टक्का जमायला हवा. तो जमला आहे का हे आधी तपासा, कमी पडेल ती रक्कम सर्वसाधारण सभेत ठराव करून हप्त्यांनी घ्या. पाच वर्षांत पुनर्विकास नक्की होणार असेल तर उकरण्याच्या भानगडीत पडू नका. कोटिंग, पंखे आणि पंप एवढंच करा. "होईल कधीतरी" असं असेल तर ते पंधरा वर्षंही होणार नाही असं धरून चला. ऑडिट जर इमारत धडधाकट सांगत असेल, तर ती पाडून तेवढंच सिमेंट-लोखंड पुन्हा ओतण्यापेक्षा सांभाळणं मला केव्हाही बरं वाटतं.

करारात दोन कलमं घाला. एक, शेवटची पाच टक्के रक्कम पूर्ण एक पावसाळा गेल्यावरच. दुसरं, बोर्ड बसवताना रोजचे फोटो, प्रत्येक गच्चीच्या चार कोपऱ्यांत मोजपट्टी धरून. काँक्रीट पडल्यावर खाली ५० मिलिमीटर घातलं की २५, हे कुणालाच दिसत नाही.

काम दसऱ्यानंतर, पाऊस पूर्ण थांबल्यावर काढा. आधीच्या मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या पाच घरांत, प्रत्येक इमारतीत एक, रात्री साडेनऊला छताचं तापमान आठवडाभर लिहून ठेवा. थर्मामीटर दीड-दोन हजारांत मिळतो. त्याच घरांची महावितरणची बिलंही जपून ठेवा, त्यांवर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. पुढच्या मे महिन्यात त्याच खोलीत, त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा मोजा आणि दोन्ही कागद नोटीस बोर्डावर लावा.